पिवळ्या फळांच्या झाडाचा धबधबा

छावणी

चीनला जायचं पक्कं झालं तेव्हा मी सगळ्यात आधी नळाचे दिवस मोजले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं आठ-नऊ दिवसांनी पाणी यायचं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि मृगही कोरडा चालला होता. आमचं घर छावणीच्या पुढं, पडेगावच्या रस्त्याला. घर बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती. आता चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात, प्रत्येकीनं आपापला बोअर घेतलाय, आणि आमचा मागच्याच वर्षी आटला. दहा-बारा दिवस घर बंद ठेवायचं म्हणजे मध्ये एकदा तरी नळ येऊन जाणार. शेजारच्या नसीम आपांनी स्वतःहून किल्ली मागून घेतली. पानी मैं भर लेती, तुम बेफिकर जाव, म्हणाल्या, आणि निघता निघता विचारलं की डॉक्टरीण आता कायमची कधी येणार.

डॉक्टरीण म्हणजे माझी मुलगी संघमित्रा. घरात आम्ही तिला मित्रा म्हणतो. पाच वर्षांपूर्वी ती चीनला डॉक्टरी शिकायला गेली. इथं थोडक्या मार्कांनी तिचा प्रवेश हुकला होता, आणि ओळखीतली दोन मुलं तिकडं शिकत होती. मी स्वतः सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं परिचारिका होते. मित्राचे वडील ती दहावीत असताना गेले. त्यानंतर मी मनाशी एकच गोष्ट धरून बसले, की आमच्या घरात एक डॉक्टर झाला पाहिजे. माझ्या वडिलांनी छावणीत घोड्यांच्या पागा झाडल्या, मी नर्स झाले, पुढची पायरी हीच असणार असं मला वाटायचं. रस्त्याकडची खोली मी तिच्या दवाखान्यासाठी मोकळी ठेवली होती. टेबल, दोन खुर्च्या आणि तपासायचा पलंग आणूनही ठेवला होता. तिसऱ्या वर्षानंतर तिला तिकडची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. यंदा तिचं शेवटचं वर्ष, म्हणून निवृत्तीनंतर पहिलं काम तिला जाऊन भेटायचं.

ती राहते ते शहर ग्वेयांग. तिथून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर एक धबधबा आहे, जगभर नाव असलेला. त्याचं चिनी नाव माझ्या जिभेवर अजून बसत नाही, पण अर्थ मित्रानं सांगितला होता: पिवळ्या फळांच्या झाडाचा धबधबा. पहिल्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर तिथं गेली होती आणि निळा रेनकोट घातलेला फोटो पाठवला होता. तो मी मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला. येणारे-जाणारे आधी धबधबा बघायचे, मग मुलगी. तेव्हा मला तिथं जायचंच होतं. शंभर पानी वही घेऊन मी त्या एका दिवसाचा बेत लिहिला. सातला घर सोडायचं, वेगवान गाडीनं आनशुन नावाच्या गावी, तिथून तासाभराची बस, तिकिटासाठी पासपोर्ट लागतो, जेवण बरोबर न्यायचं. हे सगळं मी मोबाइलवर शोधून, भाचीकडून समजावून घेऊन लिहिलं.

मित्राला हा बेत पसंत नव्हता. फोनवर दर वेळी नवीन कारण निघायचं. आधी म्हणाली, पायऱ्या फार आहेत, तुझे गुडघे दुखतील. मग म्हणाली, तू येणार त्याच आठवड्यात त्यांचा होड्यांचा सण आहे, तिथं पाय ठेवायला जागा नसेल. शेवटी म्हणाली की धबधब्यापेक्षा इथल्या डोंगरावरचं बुद्धविहार चांगलं आहे, तिथं जाऊ. मी म्हटलं, विहारही बघू आणि धबधबाही बघू. तिनं विषय सोडला. तिला अभ्यासाचा ताण असेल असं मला वाटलं.

औरंगपुऱ्यात जाऊन मी आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस घेतला, कारण साडीत एवढं चढउतार होणार नाही असं भाचीचं म्हणणं होतं. बुटांच्या दुकानात मी ओल्या दगडावर घसरणार नाहीत असे बूट मागितले. दुकानदारानं विचारलं, कुठल्या दगडावर. मी सांगितलं, चीनच्या धबधब्यावर. त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

ग्वेयांग

विमानतळावर मित्रा दिसली तेव्हा ती वाळलेली वाटली. ती गळ्यात पडली आणि बराच वेळ तशीच राहिली. बाहेर पाऊस चालू होता. तो पुढचे तीन दिवस चालूच होता, पण कुणीही त्याची दखल घेत नव्हतं. लोक छत्री उघडायचे आणि चालायला लागायचे. आमच्याकडं त्या दिवसांत चार थेंब पडले असते तर माणसं गच्चीवर गेली असती.

मित्राची खोली सोळाव्या मजल्यावर. संध्याकाळी ती भाजी आणायला खाली गेली, तेवढ्यात मी सवयीनं नळ सोडला, आणि पाणी आलं म्हणून हाताला लागेल ते भरून ठेवलं. बादली, दोन पातेली, भाताचा कुकर, चहाचं भांडं, फुलदाणीसुद्धा. ती परत आली आणि स्वयंपाकघर बघून हसायला लागली. आई, इथं ते जात नाही, म्हणाली. मग हसणं थांबवून तिनं एकेक भांडं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. मला ते बघवेना म्हणून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तिकडं गार पाणी कुणी पीत नाही. स्टेशनात, दुकानात, विहारात, जिथं जाल तिथं उकळत्या पाण्याचा नळ, आणि हातात प्रत्येकाच्या थर्मास. जेवायला आंबट रस्स्यातला मासा मिळतो, तो मला फार आवडला. तिखट आपल्या तोंडाचं. एक पांढरं मूळ मात्र सगळ्यांत चिरून घालतात, त्याला कच्च्या मासळीचा वास येतो. मित्रा ते आवडीनं खात होती.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या विहारात गेलो. आमच्या विहारात एक मूर्ती, पंचशील आणि शांतता. इथं उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत जात होता, लोक जुडगेच्या जुडगे पेटवून चारी दिशांना वाकत होते, आणि वाटेवर माकडांनी माझ्या हातातली केळी पळवली. मी मूर्तीसमोर मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. मित्रा शेजारी उभी होती. ती मध्येच म्हणाली, आई, तुला एक सांगायचंय. मी डोळे उघडले तर तिनं मान हलवली आणि म्हणाली, काही नाही, नंतर.

मी तिच्या कॉलेजात जायचा आग्रह धरला, तर सणाची सुट्टी, कॉलेज बंद. मैत्रिणींना भेटव म्हटलं, तर सगळ्या गावाला गेलेल्या. तेव्हाही माझ्या काही ध्यानात आलं नाही. रोज रात्रीचं तापमान लिहून ठेवणारी बाई मी, रुग्णाच्या चेहऱ्यावरून ताप ओळखायचे, आणि माझ्याच मुलीचा चेहरा मला वाचता आला नाही.

धबधब्याचा दिवस

माझी वही पहिल्या अर्ध्या तासात निकामी झाली. सातच्या गाडीची तिकिटं कधीच संपलेली होती, आम्हाला साडेआठची मिळाली. आनशुनच्या बसस्थानकावर रांग होती, ती इमारतीला वेढा घालून परत सुरुवातीला येऊन मिळाली होती. मित्रानं त्या दिवशी टोपी घातली होती आणि तोंडावर मास्क लावला होता. गर्दीत सर्दी-खोकला लागू नये म्हणून असेल, असं मी धरून चालले.

प्रवेशद्वाराशी पोचलो तर पुढं माणसंच माणसं. मी यात्रा बघितल्यात, दीक्षाभूमीची गर्दी बघितलीय. पण तिथं आपण गर्दीचाच एक भाग असतो, कुणी ना कुणी 'जयभीम ताई' म्हणतं. इथं हजारो माणसांत मला ओळखणारं एकच तोंड होतं आणि तेही मास्कखाली. आत जायला आतलीच बस, तिच्यासाठी वेगळी रांग. बसच्या दारात उभ्या असलेल्या हिरव्या टोपीच्या बाईनं मित्राकडं बघून हात केला आणि हसत काहीतरी म्हटलं. मित्रानं मान खाली घातली आणि मला आत ढकललं. पुढं एका म्हातारीकडून आम्ही परतलेले बटाटे घेतले, वर लालभडक तिखट. तिनं पैसे घेतले, आणि मग पानात बांधलेला चिकट भाताचा एक मुटका मित्राच्या हातात फुकट ठेवला. सणाला तो खातात. मी विचारलं, ही तुला ओळखते का. मित्रा म्हणाली, इथं सगळे परदेशी मुलांशी असेच वागतात.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. बुटक्या, वळवून वाढवलेल्या झाडांची एक बाग ओलांडली, डोंगराच्या पोटातून खाली नेणाऱ्या लांबच लांब सरकत्या जिन्यावरून उतरलो, तेव्हा छातीत काहीतरी घुमायला लागलं. मला वाटलं माझाच रक्तदाब वाढलाय. मग झाडी संपली आणि समोर तो आला.

मला आनंद होईल असं वाटलं होतं. आनंद झाला नाही, धक्का बसला. पाण्याचा एक अख्खा डोंगर उभा खाली येत होता, पांढरा, आणि तो संपत नव्हता. मी पहिली दोन मिनिटं तो संपायची वाट बघत होते, हे मला नंतर कळलं. आमच्या गल्लीत पाणी येतं तेव्हा पाऊण तास येतं, सगळे घड्याळ बघत असतात. इथं हे रात्रीही चालू असतं का, असं मी मित्राला विचारलं. ती म्हणाली, हो आई, रात्रीही. आजूबाजूला लोक काठ्यांना मोबाइल लावून हसत होते, पोझ घेत होते, आणि मी कठडा धरून उभी होते. मला एकाएकी कुणाचा तरी फार राग आला, पण कुणाचा ते सांगता येईना.

तिच्या जुन्या फोटोच्या जागी उभं राहून मला फोटो काढायचा होता. ती जागा धबधब्याच्या मागच्या गुहेजवळ आहे. पाण्याच्या पडद्यामागून खडकातून वाट काढलीय. तिथं माणसाला माणूस चिकटून चालत होता, वरून पाणी गळत होतं, आणि कानाला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आम्ही गुहेतून बाहेर पडून ओल्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात आमच्यापुढची एक म्हातारी घसरली. ती तीन पायऱ्या खाली जाऊन पडली आणि पडताना तिनं उजवा हात टेकला. कपाळ दगडाला लागलं. रक्त आलं. बरोबरची बाई, तिची बहीण असावी, खाली बसून ओरडायला लागली. मागची रांग तशीच पुढं रेटत होती.

मी मराठीतच ओरडले, सरका, डॉक्टर आहे. आणि मित्राला म्हटलं, "जा की."

मित्रा हलली नाही. पाठ कठड्याला लावून ती उभी होती आणि तिचे दोन्ही हात रेनकोटच्या बाह्यांत ओढून घेतलेले होते. मी पुन्हा म्हटलं, "मित्रा, काय बघायलीस? रक्त चाललंय तिचं."

"मला येत नाही, आई," ती म्हणाली.

मला वाटलं घाबरली. नव्या डॉक्टरांचं होतं असं पहिल्या वेळी, मी पुष्कळ बघितलेत. तिला बाजूला करून मी खाली बसले. कपाळाची जखम वरवरची होती, माझ्या रुमालानं दाबून धरली. मनगट मात्र मोडलं होतं. हात टेकून पडलं की जसं मोडतं तसंच, काट्याच्या चमच्यासारखं वळलेलं. मी घडीची छत्री मागितली, ती हाताखाली धरली, पिशवीतला टॉवेल गुंडाळला आणि औरंगपुऱ्याची ती नवी ओढणी फाडून बांधली. उरलेल्या ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला. म्हातारीला काय चाललंय ते कळत नव्हतं, ती उठायला बघत होती. मी मान न वळवता म्हटलं, सांग तिला, हलू नको म्हणावं.

आणि तेव्हा मी माझ्या मुलीचा आवाज ऐकला. ती खाली बसली, म्हातारीचा डावा हात तिनं हातात घेतला आणि बोलायला लागली. भराभर, स्वच्छ, न अडखळता. म्हातारी शांत झाली. मग मित्रा उभी राहिली, मागच्या रांगेकडं वळून मोठ्यानं काहीतरी म्हणाली, आणि ती रांग, जी मुंबई-दिल्लीच्या पोलिसांनाही थांबवता आली नसती असं मला वाटत होतं, ती थांबली. दोन माणसांनी छत्र्या धरल्या. एकानं स्वतःचा कोट काढून म्हातारीखाली घातला. मित्रा परत बसली आणि काहीतरी म्हणाली, त्यावर ती म्हातारी रक्ताळलेल्या कपाळानं हसली.

हिरव्या टोपीचे लोक स्ट्रेचर घेऊन आले. त्यांच्यातल्या एका बाईनं मित्राच्या खांद्यावर हात ठेवून विचारपूस केली, आणि चिनी नावानं तिला हाक मारली. मग त्या बाईनं आपल्या खिशातलं बोलण्याचं यंत्र सरळ मित्राच्या हातात दिलं, जसं एका खात्यातला माणूस दुसऱ्याला देतो. मित्रानं त्यात बोलून ते परत केलं.

म्हातारीला नेल्यावर मी विचारलं, "ही तुझी कोण?"

मित्रानं मास्क काढला. "मी इथं काम करते, आई. शनिवार-रविवारी. आपल्याकडून लोक येतात, त्यांना फिरवते."

मी विचारलं, आणि कॉलेज. ती म्हणाली, कॉलेज आहे, पण ते नाही. डॉक्टरी तिनं तिसऱ्या वर्षी सोडली होती. आता ती चिनी भाषा आणि पर्यटन शिकत होती; शिष्यवृत्ती त्याचीच होती. हे काम कॉलेजच्या परवानगीनं करत होती. मी ज्याचे पेढे वाटले ते हे.

बाकीचं तिनं तिथंच, त्या आवाजात, माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. तिसऱ्या वर्षी दवाखान्यात पाठवलं. एक रुग्ण तिच्यासमोर गेला. तिची चूक नव्हती, कुणीच तिला बोललं नाही. पण त्या दिवसापासून रुग्णाजवळ गेलं की तिचे हात बधिर व्हायचे. एक परीक्षा गेली, मग दुसरी. तिनं मला सांगायचं ठरवून किती तरी वेळा फोन लावला.

"मग सांगितलं का नाही?"

"मी फोन लावला की तू पहिला शब्द 'काय डॉक्टर' म्हणायचीस," ती म्हणाली. "मग मला पुढं काही बोलता यायचं नाही."

मी उठले आणि चालायला लागले. ती हाका मारत होती. मी मागं बघितलं नाही. मला फक्त तिथून जायचं होतं.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तिचं दुःख दिसलंच नाही. मला रस्त्याकडची खोली दिसत होती, आणि नसीम आपा, आणि वॉर्डातल्या मुली, आणि माझा भाऊ, जो लग्नाकार्यात 'आमची डॉक्टर भाची' म्हणून सुरुवात करतो. दोन वर्षं मी सगळ्यांना खोटं सांगत होते आणि मला ते माहीत नव्हतं. गर्दीनं मला उचललं आणि नेलं. कुठल्या तरी पुलावरून, कुठल्या तरी पायऱ्यांवरून. मी भानावर आले तेव्हा एका पटांगणात होते, भोवती सगळीकडं निळे रेनकोट, आणि निळ्या रेनकोटात सगळी माणसं सारखी दिसत होती. माझा फोन तिकडं चालत नव्हता. पासपोर्ट मित्राच्या पिशवीत होता. कुठल्याही पाटीवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी दोघा-तिघांना मराठीत, मग हिंदीत विचारलं. ती चांगली माणसं होती, थांबली, मान हलवली आणि गेली. चौतीस वर्षं नोकरी केलेली, घर बांधलेली बाई मी, एका खांबाला धरून उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. किती वेळ गेला ते कळलं नाही. तास झाला असेल.

मग वरच्या भोंग्यातला चिनी आवाज थांबला आणि त्यातून मराठी आलं.

"आई, मी मित्रा बोलतेय. जिथं आहेस तिथंच थांब. हिरव्या टोपीचं कुणीही दिसलं तर त्याचा हात धर, त्यांना सगळ्यांना सांगितलंय."

त्या डोंगरदरीत, झाडांवर, पुलांवर लावलेल्या सगळ्या भोंग्यांतून एकाच वेळी तो आवाज येत होता. लोक वर बघायला लागले. काहींना त्या अनोळखी बोलीचं हसू आलं. एवढ्या हजारोंत ते कळणारी मी एकटी होते. आवाज थोडा थांबला. यंत्र बंद झालं असं वाटलं. मग पुन्हा आला, आणि या वेळी तो कापत होता.

"रागावलीस तरी चालेल. फक्त थांब."

मी खांब सोडला नाही. हिरव्या टोपीचा एक माणूस जवळून जात होता, त्याची बाही मी दोन्ही हातांनी धरली. त्यानं माझा चेहरा बघितला आणि लगेच यंत्रात बोलायला लागला. मित्रा धावत आली. टोपी पडली होती, रेनकोट एका खांद्यावर होता. ती माझ्यापासून चार पावलांवर थांबली आणि पुढं येईना. मग मीच गेले.

परतीच्या गाडीत मी काचेला डोकं टेकून बसले. खिडकीतून ओली भातशेतं मागं जात होती. मी तिला माफ केलं होतं असं नाही, आणि तिनं मला केलं असेल असंही नाही. घरी आल्यावर तिनं भात लावला. जेवताना तिचा फोन वाजला. म्हातारीच्या बहिणीनं हिरव्या टोपीवाल्यांकडून नंबर घेऊन निरोप पाठवला होता: हात प्लास्टरमध्ये आहे, जीव ठीक आहे, ओढणी धुऊन ठेवलीय, पत्ता द्या. मित्रानं ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, ओढणी राहू दे म्हणावं तिला. पटांगणापासून माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तो रुग्ण कोण होता, किती वयाचा, काय झालं होतं त्याला. ती सांगत गेली. मी वॉर्डातल्यासारखे प्रश्न विचारत गेले. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक माणूस माझ्यासमोर गेला होता आणि मी आठवडाभर जेवले नव्हते. तेव्हा माझ्या आईनं मला काहीच विचारलं नव्हतं, फक्त रोज ताट वाढून ठेवलं होतं. हे मी मित्राला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

परत धबधब्यावर

शनिवारी तिला कामावर जायचं होतं. माझं विमान सोमवारचं. ती म्हणाली, तू आराम कर, मी संध्याकाळी येते. मी बूट घातले आणि तिच्याबरोबर निघाले.

गट आपल्याकडचाच होता, यंत्रं बघायला आलेले एकवीस व्यापारी, कुणी नाशिकचे, कुणी गुजरातचे. बसमध्ये माझ्या शेजारी जालन्याचे एक गृहस्थ बसले. मित्रा पुढं माईक घेऊन उभी होती. आधी हिंदीत, मग मराठीत सांगत होती, हे पाणी कुठून येतं, पुढं कुठं जातं, कोणत्या महिन्यात वाढतं. लोक मध्येच काहीतरी विचारायचे, ती हसून उत्तर द्यायची. एकानं खोडसाळपणे काही विचारलं, त्याला तिनं दोन शब्दांत गप्प बसवलं. मी या मुलीला पहिल्यांदाच बघत होते.

जालन्याचे गृहस्थ माझ्याकडं वाकले. "पोरगी आपल्याकडची दिसायली, ताई. डॉक्टरीला आलेली असंल. सगळी त्यालाच येतात इकडं."

"आली होती," मी म्हणाले. "पण ती सोडली तिनं. आता हे करते. माझी मुलगी आहे."

मला वाटलं ते पुढं काही विचारतील, का सोडली, किती वर्षं वाया गेली. मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागले. ते म्हणाले, "बरं झालं आपल्याला. त्या आधीच्या गाइडचं आम्हाला एक अक्षर कळंना." आणि त्यांनी थर्मासचं झाकण उघडून मला गरम पाणी दिलं.

बस थांबली. पाऊस लागला होता. आम्ही खाली उतरून कडेला उभे राहिलो आणि मित्रा बोट नाचवत माणसं मोजायला लागली. माझ्यापाशी आल्यावर तिचं बोट क्षणभर थांबलं.

"बावीस," ती म्हणाली, आणि झेंडा वर करून चालू लागली.